मागचा कंदील

३ जानेवारी १९७४, गुरुवार

हरभरा ज्याच्याकडून घेतो त्या अडत्याने नव्या वर्षाची डायरी दिली. कागद गुळगुळीत आहे. भट्टीवर ठेवली असती तर दोन दिवसांत पुड्या बांधण्यात गेली असती, म्हणून लिहायला घेतली. कारंज्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो आहे. अक्षर वाचण्यासारखं आहे.

मी रामधन, फुटाणे-मुरमुरेवाला. वडिलांचं बोट धरून बुंदेलखंडातून इथे आलो तेव्हा दुधाचे दात पडत होते. आता दाढी पांढरी व्हायला लागली, तरी गावात आम्ही 'परदेशी'च. राग नाही. पण चार माणसांत उठून दिसणाऱ्याने जरा जपून राहावं, एवढं मला कळतं. त्यात मला बोलणं जमत नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो, तोवर समोरचा निघून जातो. लिहिताना कोणी निघून जात नाही, हे बरं आहे.

लिहायचं कारण असं. मोठी मुलगी बालवाडीत शिकवते. काल ताट वाढताना ती म्हणाली, "बाबूजी, कन्याशाळेच्या लिलाबाई नाटक बसवून राह्यल्या. मीच लिवून राह्यली. करू ना?"

मी पाणी प्यालो. ती थोडी थांबली, मग आत गेली. पाणी प्यालो म्हणजे हो म्हणालो की नाही, हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

८ जानेवारी

तिने 'हो' धरलेलं दिसतं. तालमी सुरू झाल्या. शाळेत, दिवेलागणीनंतर.

शाळेकडून घरी यायचा रस्ता कापसाच्या जिनिंगच्या लांब भिंतीला धरून आहे. तिथे दिवा नाही आणि कुत्री फार. मला त्या बाजूला भट्टीसाठी पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, बघायच्याच होत्या. सरपण संपायच्या आत सौदा केलेला बरा. कंदील घेऊन गेलो. येताना मोठी पुढे चालली होती, योगायोगाने. उगाच गाठून काय बोलायचं, म्हणून मी बराच मागे राहिलो. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून वात मात्र मोठी केली. रॉकेलसाठी माणसं सकाळपासून रांगेत उभी राहतात आणि मी वात मोठी करतो. बायकोला, धाकट्या केसरच्या आईला, कळलं तर ऐकवेल.

पऱ्हाट्यांचा सौदा जमला नाही. उद्या परत जावं लागेल.

१३ जानेवारी, रविवार

उद्या संक्रांत. भट्टीला दम नाही. लाह्या, मुरमुरे, फुटाणे, सगळ्यांना सगळं आजच पाहिजे. मी दिवसभर "केसर, चाळणी! केसर, पोतं!" करत होतो. धाकटीच्या नावाने माझा घसा बसला. मोठी पलीकडे पुड्या बांधत होती. तिला हाक मारावी लागत नाही. मी "ए" म्हटलं की ती बघते.

एक गोष्ट खटकते आहे. पोस्टातले जानराव आठवडाभर रोज येतात. मूठभर फुटाणे घेतात आणि पाटावर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहतात. आज म्हणाले, "रामधनभाऊ, वाळू तापली हे तुमाले कसं समजते?"

मी एक दाणा टाकून दाखवला. तडकला.

"अन् घाम हा डाव्याच कोपरानं काहून पुसता?"

आता याला काय सांगणार? उजव्या हातात झारा असतो. त्यांनी झारा मागितला, दोनदा फिरवला, पुन्हा माझं तोंड बघितलं. माणूस सरकारी नोकरीत आहे, बौद्धवाड्यात त्यांचं पक्कं घर आहे. त्यांना भट्टी टाकायची नसावी. पण भावाला टाकून देणार असतील तर? कारंज्यात दोन भट्ट्या चालणार नाहीत. झोप लागेना.

१९ जानेवारी

मोठीचा कान ठणकत होता. तालमीहून येताना वारा लागतो. मी गरम वाळूची पुरचुंडी बांधून केसरकडे दिली. म्हटलं, वाळू उरली होती. केसरने ती तिच्या उशाशी नेऊन ठेवली.

आज लिलाबाई भट्टीवर आल्या. नाटक नऊ फेब्रुवारीला आहे, शाळेच्या पटांगणात. छापील पत्रिकेवर लेखिकेचं नाव घालायचं होतं. "गंगू रामधन असंच घालू ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

पण दिवसभर ते मनात घोळत राहिलं. तिचं नाव गंगू नाही. आमच्यात आई-बाप पहिल्या अपत्याचं नाव तोंडात आणत नाहीत, त्याने लेकराचं आयुष्य घटतं म्हणतात. त्यातून ही सातव्या महिन्यातली. ओंजळीत मावत होती. माझ्या आईने नाव ठेवलं, मी सुचवलेलंच, आणि मला बजावलं, "तू भूलके भी मत लेना। जी जाए तो बहुत।" ती जगली. मग कोण कशाला विषाची परीक्षा पाहील?

आई होती तोवर ती हाक मारायची. ती गेल्यावर नाव घेणारं कोणी उरलं नाही. शाळेत घालायला गेलो तेव्हा मास्तरांनी विचारलं, मुलीचं नाव काय? मी उभाच. आई गेल्यावर शेजारी राहायला आलेल्या गिरजाबाई त्यांच्या पोराला घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्या म्हणाल्या, "लिवा गंगू. आमी गंगूच म्हनतो." मास्तरांनी लिहिलं. मी नाही म्हणू शकलो असतो, पण मग खरं काय ते सांगावं लागलं असतं. म्हणून माझी मुलगी गावाला गंगू झाली आणि घरात मोठी. खरं नाव मी इथेही लिहीत नाही. कागद झाला तरी काय, हात माझाच आहे.

२२ जानेवारी

पऱ्हाट्या बघून आलो. सौदा नाही.

२७ जानेवारी, रविवार

आज पायाखालची जमीन सरकली. गुलाबराव माळी भाजीची पाटी उतरवून भट्टीवर टेकले आणि हसत म्हणाले, "रामधनभाऊ, पोरीनं तुमालेच नाटकात टाकलं म्हने!"

मी झारा थांबवला.

"भट्टीवाला बाप हाय त्याच्यात. अन् मुका हाय. सुरवातीपासून शेवटपर्यंत एक शबूद बोलत नाई. माह्या पोरीनं तालीम पाह्यली न." मग मला चिमटा काढला, "आता तुमी तरी कुठं बोलता म्हना!"

आणखी एक सांगितलं. बापाचं काम जानराव करतात.

म्हणजे तो माणूस भट्टी टाकायला नव्हता येत. मला उचलून न्यायला येत होता. डाव्या कोपरासकट.

मुका! मी मुका आहे? चारचौघांत माझी जीभ कापून दाखवणार. गिऱ्हाईक येईल आणि हातवारे करून फुटाणे मागेल. पोरं रस्त्यात खुणा करतील. इतकी वर्षं मान खाली घालून राहिलो ते यासाठी? आणि हे माझ्याच लेकीने करावं? हरभऱ्याचा एक घाणा पार जळाला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. केसरची आई म्हणाली, "आप बीमार तो नहीं?" मी मान हलवली. मान हलवली! बरोबरच आहे मोठीचं.

तरी संध्याकाळी गेलो. कंदील लावला आणि गेलो. कुत्री काही माझ्या रागासाठी थांबत नाहीत.

३१ जानेवारी

ठरवलं. नाटक बंद करायला सांगायचं. तीन दिवस मनात वाक्य घोकतो आहे. 'हे बघ, मला हे पसंत नाही.' एवढंच. सरळ आहे. भट्टीसमोर म्हणून बघितलं, नीट निघालं. उद्या सांगतो.

२ फेब्रुवारी

काल सांगितलं नाही. गिऱ्हाईक होतं.

आज मोठी एकटीच भट्टीजवळ वाळू चाळत होती. वाळू मी दोनदा चाळतो. ती लहान असताना फुटाण्यात खडा लागून तिचा दात दुखावला होता, तेव्हापासूनची सवय. आज ती दोनदा चाळत होती. मी समोर उभा राहिलो. तिने वर बघितलं. तिला ठाऊक होतं मी कशाला आलो ते.

"बाबूजी, तुमाले नाटक नोको हाय ना?"

मी चाळणीतला खडा उचलून बाजूला टाकला.

"नोको म्हना. म्या नाई करत. लिलाबाईले सांगून देतो अन् पत्रिका फाडून टाकतो. पन तोंडानं म्हना. माह्याकडे पाहून, एकदा."

राग नव्हता. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. ती वाट बघत होती. कसली ते मला समजेना. माझं घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मग मी झारा उचलला आणि रिकाम्याच कढईत फिरवायला लागलो.

तिने चाळलेली वाळू पोत्यात भरली. मग हळूच म्हणाली, "बरं."

ती तालमीला गेली. म्हणजे मी बंद करू शकलो नाही, म्हणून नाटक चालू राहिलं. अशी गत आहे.

५ फेब्रुवारी

लिलाबाई पुन्हा आल्या. नागपूरला बालवाडीच्या बायांसाठी वर्ग निघतो आहे, मुलांची नाटकं कशी बसवायची त्याचा. राहायची सोय आहे. हे नाटक बघायला त्या वर्गाचे कोणी येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर मोठीला नेतील.

म्हणजे नाटक पडलं तर गावात हसं होईल आणि चांगलं झालं तर पोर जाईल. मी देवापुढे बसलो तर काय मागावं तेच कळेना. नुसता दिवा लावून उठलो.

९ फेब्रुवारी, शनिवार

नाटक झालं. आज लिहिलं नाही तर उद्या मी हे खोटं समजेन.

केसरला घेऊन तिची आई पुढे बायकांत बसली. मी फाटकापाशी उभा राहिलो, कंदील हातात. कोणी बोट दाखवलं तर तिथून निघता आलं असतं.

पडदा वर गेला आणि मी स्वतःला बघितलं. जानराव, अंगात बंडी, डोक्याला माझ्यासारखंच फडकं. दाणा टाकला, कान दिला, मान हलवली. डाव्या कोपराने घाम पुसला. सगळं पटांगण हसलं. गुलाबराव तर मांडीवर थाप मारून हसले. माझ्या कानातून वाफा निघाल्या. निघावं म्हणून वळलो, तर मागे माणसांची गर्दी झाली होती. वाट नव्हती.

नाटकात फार काही घडत नाही. बाप दुसऱ्या पोरीला टाळी वाजवून बोलावतो आणि मोठीकडे नुसतं बघतो. मोठीचं काम मोठीनेच केलं. तिचा कान दुखतो. बाप वाळूची पुरचुंडी बांधतो, हाताच्या पाठीला लावून बघतो, फुंकर घालतो, पुन्हा लावून बघतो. मग धाकटीकडे देतो आणि पाठ फिरवतो. मोठी पुरचुंडी कानाला लावून बसते. म्हणते, "वाळू उरली होती म्हनते. रोज कशी माह्या कानापुरतीच उरते?"

तेव्हा हसू थांबलं.

मग रस्त्याचा प्रवेश. सगळे दिवे घालवले. मोठी चालत येते, जागच्या जागी, आणि मागून जानराव कंदील घेऊन. कंदील खरा होता. तिची लांब सावली पुढे पडली, थेट पहिल्या रांगेतल्या पोरांच्या अंगावर. ती सावलीकडे बघत चालते आणि आपल्याशीच म्हणते, "माही सावली माह्या पुढं चालते. म्हनजे मागं उजेड हाय. मागं पाहू नोको. पाह्यलं तर ते थांबन. पऱ्हाट्या पाहाले आलो म्हनन."

देवा.

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी वात मोठी करत होतो, आणि उजेड आपल्या मागून येतो आहे हे पुढच्याला कळल्याशिवाय राहतं का? माणूस इतका बावळट कसा असू शकतो? ती जिनिंगच्या भिंतीपाशी मुद्दाम हळू चालायची. मला वाटायचं, दमली असेल.

शेवटी नाटकातली पोर गाव सोडून जाते. जाताना म्हणते, "मले फक्त एकदा हाक मारा." जानराव तोंड उघडतात. गळ्याच्या शिरा ताणतात. आवाज निघत नाही. तसंच तोंड उघडं असताना पडदा पडला.

आधी कोणी तरी नाक ओढलं, मग टाळ्या झाल्या आणि थांबेनात. गुलाबराव डोळ्यांना उपरणं लावून माझ्याकडे आले. माझा दंड धरला, काहीच बोलले नाहीत. त्यांना मुकं झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

बायका पुढे गेल्या. मोठी सगळ्यांच्या मागे राहिली. मी नेहमीच्या जागी कंदील घेऊन उभा होतो, पण पऱ्हाट्यांचं कारण आता संपलं होतं. ती माझ्यासमोरून गेली, थांबली नाही, मागेही बघितलं नाही. हळू चालली. मी मागे. तिची सावली पुढे. घरापर्यंत असेच आलो.

मी काही तरी बोलायला हवं होतं. रस्ता केवढा लांब होता.

१२ फेब्रुवारी

नागपूरच्या लोकांना नाटक पसंत पडलं. मोठीला बोलावणं आलं. लिलाबाई सोडायला जाणार आहेत.

गिऱ्हाईक हातवारे करत नाही. उलट उगाच रेंगाळतं. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी बोलू नोका, पन लेकीले येक डाव हाक मारा." मी पुडी बांधत राहिलो. यांना काय सांगू? नाटकातला बाप मुका होता म्हणून हाक मारू शकला नाही. माझी जीभ शाबूत आहे. मला भीती वाटते.

२० फेब्रुवारी, बुधवार

ती गेली. सकाळच्या नागपूर गाडीने.

मी पहाटेच फुटाणे केले. हळदमिठाचे, तिला आवडतात तसे कडक. शिदोरीच्या पिशवीत बांधले. एसटी स्टँडवर गर्दी होती. ती माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढता आला नाही. लिलाबाई म्हणाल्या, "चला, गाडी सुटून राह्यली." त्या दोघी चढल्या. गाडी हलली. आणि माझ्या लक्षात आलं, पिशवी माझ्याच हातात राहिली आहे.

मी धावलो. "ए!" म्हणून ओरडलो. स्टँडवर 'ए' म्हटल्यावर कोण बघणार? तीन हमाल बघायला लागले. "मोठे! ए मोठे!" इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. ती दुसऱ्या बाजूला बघत होती, तिची वेणी दिसत होती. गाडी फाटकाशी वळली.

मग मी तिचं नाव घेतलं.

एवढ्या जोरात घेतलं की घसा फाटला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती वळली. खिडकीत तिचा चेहरा असा दिसला, माझ्या आईने हाक मारली की दिसायचा तसा, तीन वर्षांची असताना. कंडक्टरने घंटी मारली, गाडी थांबली. मी पिशवी आत दिली. तिने पिशवी घेतली नाही, माझं मनगट धरलं. लिलाबाईंनी पिशवी घेतली.

"अजून येक डाव," ती म्हणाली.

मी पुन्हा घेतलं. गाडी गेली.

मी स्टँडवर खाली बसलो. काय करून बसलो हे तेव्हा कळलं.

२१ फेब्रुवारी

रात्रभर नीट झोप नाही. डोळा लागला की गाडी दिसते. दोनदा घेतलं, एकदा नाही. केसरच्या आईला सांगितलं तर ती मटकन खाली बसली. मग देवाजवळ जाऊन बसली.

२३ फेब्रुवारी

खबर नाही. जानराव रोज टपालाची पिशवी घेऊन आधी भट्टीवर येतात. दुरूनच मान हलवतात, नाही. माझ्याकडूनच शिकले.

पोर धडधाकट असली तर माझी जीभ जळो की राहो, मला पर्वा नाही. पण असेल ना? लिलाबाई कालच यायच्या होत्या.

२४ फेब्रुवारी, रविवार

लिलाबाई आल्या. मी त्यांना लांबून बघितलं आणि भट्टी सोडून रस्त्यात गेलो. त्या वैतागलेल्या होत्या.

"तुमच्या पोरीनं माह्या डोक्याले ताप केला, रामधनभाऊ. दोन दिवस थांबाव लागलं मले!"

"पोर?" मी म्हणालो.

"तिले काय होते? चांगली हाय, दोन टाईम जेवते. पन तिथं नाव लिवाच्या वक्ताले सायबानं इचारलं, नाव काय? मी म्हटलं गंगू. हे म्हनते, नाई! भागिरथा रामधन! दाखल्यावर गंगू, अन् हे सांगून राह्यली भागिरथा. लय समजावलं. ऐकतच नाई. म्हनते, माह्या बाबूजीनं हेच नाव घेतलं. आता अकोल्याले कोर्टात जाऊन तुमाले सांगाव लागन का हेच तिचं खरं नाव हाय म्हनून. सायबासमोर. तोंडानं. जमन का?"

जमेल म्हणालो. लिलाबाई चकित झाल्या, मी इतक्या पटकन बोललो म्हणून.

घरी येऊन केसरच्या आईला सांगितलं. ती रडली, मग चूल पेटवली.

भट्टी उद्या बंद ठेवावी लागेल. सकाळच्या गाडीने अकोल्याला जायचं आहे. जाताना घोकत जाणार नाही, घोकलेलं माझ्याकडून निघत नाही. कंदील पुसून खुंटीला टांगला.

भागिरथा नागपुरात बरी आहे.